अकरा मिली

आमच्या धंद्याला मराठीत भूल म्हणतात.
चुकीलाही तोच शब्द.
वडशाहून आरमोरीला येताना मोटरसायकलवर मागे बसून
हे मी रोज विसरते,
थिएटरच्या दाराशी चपला काढताना
रोज आठवते.

पुस्तकला नान्हे, वय एकावन्न, दमेकरी.
उजवा पंजा धानाच्या मळणीयंत्रात.
दुपारी अडीचला भात खाल्लेला, वर ताकही.
म्हणजे बाईला झोपवायचं नाही,
हात तेवढा झोपवायचा.

मान डावीकडे वळवली.
हासळीच्या हाडामागे बोटाला धमनी लागली,
ओंजळीतल्या झिंग्यासारखी उडत.
तिच्या बाहेरच्या अंगाला नसा, खाली पहिली बरगडी,
बरगडीलगत फुप्फुसाचा पापुद्रा.
सुई दोन सूत चुकली तर छातीत हवा.
सोनोग्राफीचं मशीन दिवाळीपासून दुरुस्तीला गेलेलं.
माझ्याजवळ करंटची डबी, नऊ व्होल्टचा सेल
आणि हे बोट.

"बोटं उडतील, घाबरू नका."
उडाली. ठेचलेल्या पंजातली तर्जनी
कुणी हाक मारल्यासारखी वर आली.
दट्ट्या मागे ओढला, रक्त नाही. तीन मिली.
पुन्हा ओढला, नाही. तीन.
पुन्हा.
अकरावर ती म्हणाली,
"बाई, तोंडात पैसा ठेवल्यावानी लागते."

तोंडात पैसा केव्हा ठेवतात
ते खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

सुई काढली. बावणे सिस्टर फ्रिजकडे धावल्या,
दुधाळ औषधाची एकच बाटली, तारीख मार्चपर्यंतची.
कान वाजतात का?
"रातकिडा बोलते."
बोलत राहा, पुस्तकलाबाई, थांबू नका. काम काय करता?
"कोसा कातते. सात कोशांचे सात तार,
मांडीवर वरून येक धागा.
सातातला येक तुटला का चिमटीले समजे,
पाहा नाही लागत."
मी मॉनिटरवरची रेघ पाहत होते,
ती शब्द ओढत होती, न तुटता.
मग म्हणाली, "गेला पैसा."
बाटली फोडावी लागली नाही.

करंगळी तेवढी जागी राहिली.
अर्धा तास थांबून कोपराशी वेगळी टोचली, तीन मिली.
उजवी पापणी खाली आली, बाहुली बारीक झाली.
होतं असं, संध्याकाळपर्यंत उघडेल, मी म्हणाले.
पुस्तकात टक्केवारी आहे. तिला ती सांगितली नाही.
तेलरांधे सर शिरा शिवत होते,
ती एका डोळ्यानं बाजूच्या फळीकडे बघत होती.
"हा कोनाचा हात व?"
तुमचाच.
"मंग येवढा भारी काहून?"

रात्री नऊला वॉर्डातून ओरडणं आलं.
भूल उतरली होती.
दुखतंय म्हणजे नसा जिवंत आहेत,
असं स्वतःशी म्हणून
मी डबा उघडला, जेवले.

फाल्गुनात आली, पदरात धाग्याची गुंडी.
पापणी सरळ, मूठ वळते, जखम कोरडी.
टाचणीनं तपासलं.
अंगठ्याची आतली कड आणि तर्जनीचं टोक,
तिथे काहीच नाही.
कागदावर लिहिलं:
कारण, यंत्र किंवा दंडाचा पट्टा किंवा सुई.
तिसरा शब्द लिहिताना पेन अडलं,
शाई होती.
येईल हळूहळू, नस रोज केसभर वाढते, मी म्हणाले.

"धागा दिसते," ती म्हणाली, "लागत नाही."
मग गुंडी सोडून सात तार
माझ्या चिमटीत दिले.
"डोरे मिटा. येक तोडतो. सांगा."

मिटले.
पंखा फिरत होता, बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.
बराच वेळ गेला.

आता तोडा, मी म्हणाले.

"कवाचाच तुटला, बाई."